खांदा

घट बसले त्याच दिवशी भर पाण्यात सुकाणू मोडलं आणि प्रतिभाला हंसानं ओढत काठाला आणलं.

हंस खरा असता तर पुण्य तरी लागलं असतं. हा होता पल्याडच्या रिसॉर्टचा, प्लास्टिकचा, आत बसून दोघांनी सायकलसारखे पाय मारायचे असला. आतलं शहरातलं जोडपं बिचारं भलं होतं. होडीचा दोर त्यांनी हंसाच्या मानेला बांधला आणि दोघं घामाघूम होत पाय मारत राहिली. पण मारता मारता बाईनं मोबाइल वर धरला. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली प्रतिभा, पायाशी दोडक्याचे सहा क्रेट, गुंडाळलेलं शीड आणि पुढे मान ताठ केलेला हंस, असं सगळं त्यात आलं. दिवस मावळायच्या आत ते गावच्या ग्रुपवर पोचलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘बहिरूनानाची नवी बैलजोडी.’

मोरदरीला धरणाच्या पाण्यानं तीन बाजूंनी वेढलंय. जुना रस्ता बुडाला तो बुडालाच. डोंगरावरून फिरून जायचं तर एकतीस किलोमीटर, त्यातले दहा नुसते खड्डे. होडीनं मात्र वारा बरा असला की अर्ध्या तासात पल्याडचा धक्का, तिथून टेम्पो, आणि माल उजाडताना तोडला तर दुपारी पंचवटीच्या बाजारात. धरणाचं पाणी पिण्याचं, म्हणून इंजिनाला मनाई. मग उरलं शीड. ही सागाची शिडाची होडी बहिरूनानानं आणलेली. तरुणपणी तो एका बोट क्लबात रखवालदार होता. क्लबात फायबरच्या होड्या आल्या तेव्हा ही भंगारात निघाली, आणि नानानं ती उचलली. घरात सात पिढ्यांत कुणी पाण्यात गेलेलं नव्हतं. त्यामुळे होडीच्या कुठल्याच भागाला त्यानं होडीचं नाव दिलं नाही. सुकाणूच्या पात्याला तो फाळ म्हणायचा. हातात धरायच्या दांड्याला नांगराच्या मुठीसारखं रुमणं म्हणायचा. वळायचं झालं की ‘हुर्र, हुर्र’ म्हणायचा.

प्रतिभा त्याची सून, माहेर सटाण्याकडचं. तिकडे पाणी बघायला विहिरीत डोकवावं लागतं. लग्न होऊन आली तेव्हा होडीत बसायलाही थरथरायची. दोन वर्षांमागे नानाला लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा रुमणं हिनं धरलं. दुसरं कोण धरणार? नवरा महेश पिंपळगावच्या पॅकहाऊसवर टेम्पो चालवतो, सकाळी जातो तो अंधारात येतो.

त्या दिवशी महेश आला तोच मोबाइल हातात घेऊन.

“बघितलं मी. समदं पॅकहाऊस बघत होतं.”

“मग?” प्रतिभा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“मग काय मग? तो रिसॉर्टचा मॅनेजर दोनदा मागे लागला. गेटवर ठेवायला होडी पायजे त्याला. आत माती भरून फुलझाडं लावणार हाय. देऊन टाकू.”

“आन् झेंडू? अर्धा एकर झेंडू दसऱ्याला तोडायला आलाय. तो कशानं नेऊ, पदरात घालून?”

“रस्त्यानं नेऊ. टेम्पो आणतो मी.”

“मागच्या साली नेलाच होता ना रस्त्यानं? पंचवटीत पोचला तवा पाकळ्या येगळ्या आन् देठं येगळी. व्यापारी म्हनला, ह्याचा काय गुलकंद करू?”

महेशनं मोबाइल खाली ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “झेंडूचं नाय गं. तू मधी होतीस, आन् पाणी किती खोल हाय तिथं! कोणी नसतं आलं तर?”

तो घाबरलाय हे तिला कळलं, आणि बरंही वाटलं. पण होडीत माती भरायची म्हटल्यावर तिचा तोल गेला. रागावली की ती माहेरच्या बोलीत जायची, आणि नवऱ्याला अरेतुरे करायची.

“हाई होडी तुनी नही शे!” ती उठलीच. “मामांनी आणलेली हाय. आन् चालवते मी.”

कोपऱ्यात खाटेवर नाना पडलेला होता. त्याची नजर ह्याच्यावरून तिच्यावर फिरत होती. त्यानं तोंड वाकडं केलं, लाळ गळाली, आणि मोठ्या कष्टानं त्यानं शब्द बाहेर काढला.

“खांदा.”

लकव्यानंतर त्याच्याकडे तीन-चारच शब्द उरले होते. ‘हं’, ‘नाय’, ‘पाणी’, आणि दोन वर्षांपासून मधूनच उपटणारा हा ‘खांदा’. नवसाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याचा अर्थ पाठ झाला होता. ती घटाला माळ घालत होती ती तशीच उठली, तेलाची वाटी घेऊन आली आणि नवऱ्याचा मेलेला उजवा खांदा चोळायला बसली.

“दुखतोय का वं लय? ह्यांच्या भांडणानं अजून दुखतो बघा.”

नानानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेवटी महेशनं तोडगा काढला. “नवमीपत्तोर बघतो. नवमीला झेंडू होडीनं पल्याड गेला तर ऱ्हाऊ दे होडी. नाय गेला तर त्याच दिवशी मॅनेजर ट्रॉली घेऊन येईल. मी सांगून ठेवतो त्याला. कबूल?”

“कबूल,” प्रतिभा म्हणाली आणि भाकरी उलटली. ती करपली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती काठावर गेली. सुकाणू होडीच्या मागच्या अंगाला दोन लोखंडी कोयंड्यांत अडकवलेलं असायचं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिनं ते उचकटून काढलं, डोक्यावर घेतलं आणि चढ चढून घरी आणलं. पाणी प्यालेलं लाकूड, मानेचे मणके नुसते कुरकुरले. अंगणात टाकून बघितलं तर पात्याला खालून वर हातभर चीर गेलेली. झालं, दुखणं सापडलं. तिनं परत ते डोक्यावर घेतलं आणि कुंदन सुताराचं दुकान गाठलं.

कुंदनचा बाप गाड्या आणि नांगर करायचा. कुंदन सनमायकाची कपाटं करतो, दुकानात पंखा लावून.

“वहिनी, वॉटरप्रूफ प्लाय देतो ना. दोन तासात कापून मिळंल, झकास.”

“प्लाय तुझ्या कपाटाला लाव. पाणी बारा महिने हाय खाली. साग दे.”

“साग कुठून आणू?”

“त्या कोपऱ्यात जुन्या दाराची फळी उभी हाय ती काय चंदनाची हाय?”

कुंदन हसला आणि उठला. फळी तासून, चिरेच्या जागी जोड देऊन, पितळी स्क्रू मारून द्यायला त्याला दोन दिवस लागले. प्रतिभा रोज शेतातून येताना डोकावायची, बोट फिरवायची, ‘हितं उंचवटा हाय’ म्हणायची, आणि तो पुन्हा रंधा मारायचा. वर मागच्या साली महेशनं हौसेनं दिलेला निळा ऑइलपेंट तसाच चकचकत होता. खाली नवी फळी, वर निळा रंग. दिसायला तर नवरदेव.

पाचव्या माळेला तिनं ते लावलं. क्रेट न घेता, नुसतीच निघाली. काठापासून शंभर हात गेली तोवर ठीक. मग वारा शिडात भरला, होडी कलली, तिनं रुमणं ओढलं, आणि रुमणं एकीकडे गेलं, होडी दुसरीकडे. वरच्या बाजूला कडकड वाजलं. दांडा फिरतोय पण खालचं पातं ऐकतच नाही. तिनं घाईनं शीड पाडलं आणि वल्ह्यानं परत आली. काठावर धुणं धुणाऱ्या लंकाबाईनं विचारलं, “काय गं, हंस नाय आला आज?”

प्रतिभानं होडी दोरानं बांधली, सुकाणू परत काढलं, आणि घरी येऊन पडवीत बसली. ओल्या लुगड्याचं पाणी फरशीवर पसरत होतं. चार दिवस उरले होते. चीर सांधली, फळी नवी, स्क्रू पितळी. आता काय राहिलं? तिला रडू आलं, आणि ती रडली. का रडू नये? हाताचे तळवे सोलवटले होते आणि वर गावाची थट्टा.

आत नाना ओरडला. “खांदा! खांदा!”

नवसाबाई वाटी घेऊन बसली. तिनं तेलाचं बोट लावलं मात्र, नानानं डाव्या हातानं असा फटका मारला की वाटी उडून उंबऱ्यावर आली. तेल पडवीत ओघळलं. नानाचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा टरारल्या होत्या. आणि दोन वर्षांत न आलेला एक शब्द त्यानं बाहेर ढकलला.

“पोळा!”

नवसाबाईनं पदर तोंडाला लावला. “पोळा होऊन सव्वा महिना झाला की वं. बैल इकून सहा वर्सं झाली. आता ह्यांचं ध्यान बी चाललं का काय, देवा!”

प्रतिभा सांडलेल्या तेलाकडे बघत होती. पोळा, तेल आणि खांदा. तिच्या माहेरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असायची. बाप बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचा, हळद-तेलानं मळायचा, आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणायचा, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ वर्षभर जू वाहिलेल्या जागेवर त्याची बोटं हळूहळू फिरायची. कातडीखाली कुठं गाठ, कुठं जखम, ते डोळ्याला दिसायचं नाही, बोटाला लागायचं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “बैल इकल्यावर मामा पोळ्याला काय करायचे?”

“काय करणार? आदल्या दिवशी गोठ्यात जाऊन बसायचे एकलेच. दार लोटून. मी नाय जायची, म्हनलं बैलांची आठवण येत असंल.”

“आन् सुकाणू कुठं असायचं तवा?”

नवसाबाईनं पदर खाली घेतला. “सुकाणू? ते... गोठ्यातच असायचं की. वाळाया ठेवलेलं.”

प्रतिभा उठली. फाळ आहे, रुमणं आहे, म्हणजे खांदाही असणारच. अरे देवा, आणि आम्ही दोन वर्षं ह्यांनाच चोळत बसलो! तिनं सुकाणू फरफटत आत आणलं आणि खाटेला टेकवून उभं केलं. दांडा जिथं घुसतो आणि वरची लोखंडी पट्टी जिथं आवळलेली असते, तो वरचा रुंद भाग नानाच्या डाव्या हाताशी आला.

“हा का, मामा? हा खांदा?”

नानाचे डोळे भरले. “हं,” तो म्हणाला. “हं, हं, हं.”

त्याची बोटं निळ्या रंगावरून पट्टीच्या कडेपर्यंत गेली, तिथं थांबली आणि अंगठ्यानं दाबलं. रंग फुटला. अंगठा नखापर्यंत आत गेला. आत सागाचं लाकूड उरलंच नव्हतं, काळा ओला चुरा होता, आणि कुजका वास घरभर झाला.

महेश आला तेव्हा निम्मा रंग खरवडून झाला होता. तो उभ्या उभ्या बघत राहिला.

“मी तर चांगलं दिसावं म्हणून रंग दिला होता,” तो म्हणाला. “पट्टीवरून बी दिला. पाणी आत जाऊ नये म्हणून.”

“गेलेलं होतंच ते,” प्रतिभा म्हणाली. “भायेर निघंना मग.”

तिला अजून चार शब्द सुनावायचे होते, पण त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की तिनं ते गिळले आणि दुसरी पटाशी त्याच्याकडे सरकवली. जेवणवेळेपर्यंत दोघं खरवडत बसले.

सकाळी कुंदनला घरीच बोलावलं. त्यानं खांद्याचा कुजका भाग बघितला आणि कान पकडले. “मी वर बघितलंच नाय वहिनी. रंग इतका गुळगुळीत होता.” मग डोकं खाजवत म्हणाला, “हितं साधा जोड नाय चालायचा. हितं सगळा जोर येतो. आन् लाकूड पायजे हलकं, पाण्यात न वाकणारं. आमचा बाप असता तर शिवणीच्या झाडाचं म्हनला असता.”

“हं!” खाटेवरून नाना म्हणाला, आणि डावा हात गोठ्याकडे केला.

गोठ्यात आढ्याला बैलांचं जू टांगलेलं होतं. शिवणीचं, मधोमध चांगलं जाड, बैलांच्या मानेनं घासून काचेसारखं झालेलं. नवसाबाई आडवी आली. “ते नाय. माझ्या सर्जा-पाखऱ्याचं हाय ते. त्याला करवत लावू देणार नाय मी.”

नाना तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघितलं त्यानं. नवसाबाईनं जू खाली उतरवलं, पदरानं जाळी-धूळ पुसली, हळदी-कुंकवाचं बोट लावलं आणि कुंदनच्या पुढ्यात ठेवलं. “हळू काप रे,” एवढं म्हणून ती माळेची फुलं तोडायला निघून गेली.

कुंदननं बापाची हत्यारं पोत्यातून काढली. लाकूड तासायचा वाकस गंजला होता, त्याला धार लावण्यात सकाळ गेली. मग तीन दिवस अंगणात तेच चाललं. नानाची खाट बाहेर आणली. कुंदन तासायचा, प्रतिभा लाकूड धरून बसायची, नाना डावा हात फिरवायचा. ‘नाय’ म्हणाला की परत तासायचं. पहिल्या दिवशी सतरा वेळा नाय झालं. कुंदन वैतागला, “नाना, आता केसाएवढा फरक हाय!” नाना म्हणाला, “नाय.” तिसऱ्या दिवशी दुपारी जोड असा बसला की मध्ये नख जाईना, आणि नानानं डोळे मिटून ‘हं’ केलं. महेशनं पिंपळगावहून न गंजणारे बोल्ट आणले. कुणी सांगितलं नव्हतं. रात्री खिशातून काढून तिच्या उशाशी ठेवले आणि झोपला.

रंगाचा डबा कुणी उघडला नाही. नवसाबाईनं जवसाचं तेल कोमट केलं आणि प्रतिभानं तळहातानं खांद्यात जिरवलं, पट्टीखाली, भोकात, जोडाच्या कडेकडेनं, लाकूड पिईल तितकं. बोटांनाच कळत गेलं कुठं कोरडं आहे ते.

नवमी उजाडली. गावात जो तो विळे, कुदळी, टेम्पो धुऊन पूजेला लावत होता. नवसाबाईनंही पाट मांडला आणि म्हणाली, “आज हत्याराला विसावा असतो गं.”

“त्याला सांजच्याला देऊ विसावा,” प्रतिभा म्हणाली आणि सुकाणू उचलून निघाली.

बायकांनी पहाटेपासून झेंडू तोडला होता. सोळा क्रेट होडीत चढले. होडी पाण्यात इतकी दबली की काठ चार बोटंच वर राहिला. रिसॉर्टचा मॅनेजर ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आधीच काठावर हजर, पांढऱ्या बुटांत, चिखल चुकवत. महेश सुट्टी टाकून आला होता. त्यानं होडीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

“मी येतो संगं.”

“वजन होईल. काठावर ऱ्हा.”

“प्रतिभा, वारा वाढतोय.”

“वाढू दे. त्याच्याशिवाय जाईल का ती?”

तिला भीती नव्हती असं नाही. मध्यावर, जिथं हंस आला होता तिथंच, डोंगराच्या खिंडीतून वारा एकदम खाली उतरला. शीड फटदिशी भरलं, होडी कलली, एका बाजूचे क्रेट सरकले आणि पाणी काठावरून आत चाटून गेलं. पिवळी फुलं पाण्यावर पसरली. तिनं दोन्ही पाय रोवले, रुमणं छातीशी आवळलं आणि सगळं अंग मागे टाकलं. तिचा खांदा कडकडला. खालचा कडकडला नाही. सुकाणूनं पाणी धरलं, तिच्या हाताला कळलं ते, आणि होडी हळूहळू तोंड फिरवायला लागली.

“हुर्र!” ती ओरडली. “हुर्र, हुर्र!”

होडी सरळ झाली. मग जी निघाली ती धक्क्यावरच थांबली. टेम्पोवाला क्रेट घेताना म्हणाला, “वहिनी, एक बी फूल दबलं नाय.” तिनं मान डोलावली.

उलट्या वाऱ्याशी झगडत रिकामी होडी घेऊन ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. महेश गुडघाभर पाण्यात उभा होता, सकाळपासून तिथंच होता म्हणे. मॅनेजर त्याला विचारत होता, “मग ट्रॉलीत कधी चढवायची?”

“कामावर हाय ती,” महेश म्हणाला. “तुम्ही गेटवर हंस ठेवा.”

घरी तिनं सुकाणू पाटावर आडवं ठेवलं, विळे-कुदळींच्या मधे. नवसाबाईनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, खांद्याला तेलाचं बोट लावलं. प्रतिभा भिंतीला टेकून बसली. उजवा हात वर होईना. पाण्याचा तांब्या तिनं डाव्या हातानं उचलला, आणि ते नानानं बघितलं.

“खांदा,” नाना म्हणाला.

प्रतिभा थकून हसली. “लावलं मामा. तेल लावलं आत्यांनी.”

“नाय.” नानानं डावा हात उचलला आणि बोट सुनेकडे केलं. “खांदा.”

नवसाबाई पूजेवरची वाटी घेऊन उठली. सुनेच्या मागे मांडी घालून बसली. प्रतिभा ‘आत्या, नको, काय करता’ म्हणेपर्यंत तिनं शर्टाची कॉलर मागे ओढलीसुद्धा. कोमट तेल पाठीवर उतरलं. म्हातारीची बोटं खांद्यावर फिरायला लागली, सावकाश, चाचपत, आणि जिथं दुखत होतं तिथं बरोबर थांबली. प्रतिभाचे डोळे वाहायला लागले.

नवसाबाई तिच्या कानाशी लागली.

“आज आवतण घे,” ती म्हणाली, “उद्या जेवायला ये. चुलीला हात लावशील तर बघ.”